गोमंतकाच्या इतिहासातील २५ नोव्हेंबर

आपल्याकडे कोणत्याही धर्मकृत्याचा आरंभ संकल्पाने होतो, आणि संकल्पात प्रथम देशकालाचा उच्चार करावा लागतो. कोणत्या द्वीपात, कोणत्या क्षेत्रात, कोणत्या नदीच्या तीरी, कोणत्या संवत्सरी, कोणत्या तिथीस आपण हे कर्म करीत आहो, हे सांगितल्यावाचून कर्मास पाया लाभत नाही. पाठशाळेत एकदा संकल्पाचा पाठ चालू असता एका बालविद्यार्थ्याने मला विचारले, "गुरुजी, देशाचा उच्चार झाला, काळाचाही झाला, पण या देशात या काळी पूर्वी काय घडले, त्याचा उच्चार कोठे करावयाचा?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही. संकल्पात त्याला स्थान नाही हे खरे. तथापि ज्या भूमीचे आपण नाव घेतो, तिच्यावर त्याच दिवशी पूर्वी काय गुदरले हे जाणण्याची जबाबदारी नाव घेणारावर येते, असे पुढे मनन करताना वाटू लागले. त्या मुलाला जे उत्तर त्या दिवशी देता आले नाही, ते आपल्या मठाच्या या स्मृतिग्रंथात देण्याचा प्रयत्न करीत आहे.

त्यासाठी मी एकच दिवस निवडला आहे. तो म्हणजे २५ नोव्हेंबर. गोमंतकाच्या इतिहासात हा दिवस एकदा नव्हे, अनेकदा अर्थपूर्ण ठरला. १५१० साली याच दिवशी पोर्तुगीजांनी गोवे शहर कायमचे हस्तगत केले. आणि त्यानंतर १७३ वर्षांनी, १६८३ साली, त्याच शहराच्या वेशीवर छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने पोर्तुगीज व्हाइसरॉयचा दारुण पराभव केला, तोही याच दिवशी. इतकेच नव्हे, तर या तारखेच्या आगेमागे घडलेल्या पुढच्या काही गोष्टीही या दोन घटनांशी अदृश्य धाग्याने बांधलेल्या आहेत.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी पंचांगाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने एक इशारा देणे अवश्य आहे. तारीख एक असली म्हणजे दिवसही एकच, असे नव्हे. १५१० साली युरोपात जुनी जुलियन कालगणना चालत होती. ती सूर्याच्या गतीशी जुळेनाशी झाल्यामुळे १५८२ च्या ऑक्टोबरात सुधारणा करण्यात आली आणि ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर मोजण्यात आला. पोर्तुगालने ही सुधारणा लागलीच स्वीकारली. म्हणून १५१० मधील २५ नोव्हेंबर हा आजच्या गणनेने ५ डिसेंबर ठरतो. त्या दिवशी सोमवार होता. १६८३ मधील २५ नोव्हेंबर मात्र नव्या गणनेतला, आणि तो गुरुवार होता. गंमत अशी की इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ पर्यंत मानली नाही, त्यामुळे १६८३ च्या इंग्रज वखारवाल्यांच्या लेखी हाच दिवस १५ नोव्हेंबर होता! तेव्हा आकाशातील सूर्याने या दोन घटना एकाच बिंदूवरून पाहिल्या असे कोणी मानू नये. त्यांना जोडणारी गोष्ट आकाशात नाही, माणसाच्या स्मरणात आहे. पोर्तुगीजांच्या दृष्टीने २५ नोव्हेंबर हा संत कातारीनाच्या सणाचा दिवस होता, आणि १५१० पासून तो त्यांच्या विजयाचाही दिवस झाला. १६८३ मध्ये पराभव त्यांच्या पदरी आला तो नेमका या विजयोत्सवाच्या दिवशी, हे त्यांच्या मनाला केवढे झोंबले असेल याची कल्पना करता येते.

आता १५१० ची हकीकत पाहू. गोमंतकावर कदंब, विजयनगर, बहामनी आणि विजापूरची आदिलशाही अशा सत्ता एकामागून एक आल्या. कदंबांचे गोपकपट्टण झुवारी नदीच्या तीरी होते. ते बंदर गाळाने भरू लागल्यावर मांडवीच्या तीरावरील एला या स्थळाचे महत्त्व वाढले. आदिलशाही अमलात तेथे भरभराटीचे शहर उभे राहिले. अरबस्तान आणि इराणातून येणारे घोडे येथे उतरत आणि दक्षिणेतील राज्यांना विकले जात. ज्याच्या हाती हे बंदर, त्याच्या हाती घोडदळाच्या पुरवठ्याची किल्ली, अशी स्थिती होती. आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो, ते हेच शहर.

आफोंसो द आल्बुकर्क हा पोर्तुगीज गव्हर्नर १५१० च्या आरंभी आरमारासह पश्चिम किनाऱ्यावर होता. त्याचे मन तांबड्या समुद्राकडे जाण्याचे होते. परंतु होनावर प्रांतातील तिमोजा नावाच्या हिंदू नाविक सरदाराने त्याला गोव्याकडे वळविले. विजापूरच्या अंमलदारांनी बसविलेल्या करांमुळे तेथील हिंदू प्रजा गांजली आहे, आणि शहरात पुरेसे सैन्य नाही, अशी बातमी तिमोजाने दिली. त्या वर्षाच्या आरंभीच शहर फारशा प्रतिकारावाचून पोर्तुगीजांच्या हाती आले. पण ते हाती राहिले नाही. मे महिन्यात आदिलशाही फौज मोठ्या संख्येने चालून आली आणि आल्बुकर्कला शहर सोडून जहाजांवर आश्रय घ्यावा लागला.

यापुढील भाग किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला विशेष उमजेल. पावसाळा सुरू झाला आणि मांडवीच्या मुखावरील वाळूच्या बांधामुळे जहाजांना समुद्रात जाता येईना. मागे शहरात शत्रू, पुढे खवळलेला समुद्र. अशा कोंडीत पोर्तुगीज आरमार महिनोन्महिने नदीत अडकून पडले. अन्नाची टंचाई झाली, माणसे आजारी पडली. ऑगस्टात पाऊस ओसरू लागल्यावर कोठे त्यांची सुटका झाली. दुसरा कोणी असता तर पुन्हा या वाटेस गेला नसता. आल्बुकर्क तीन महिन्यांत नव्या आरमारासह परत आला.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी नदीकाठच्या तटबंदीवर हल्ला झाला. तटाबाहेरचे रक्षक मागे हटून वेशीतून आत शिरू लागले, तेव्हा त्यांच्या पाठोपाठच हल्लेखोरही आत घुसले. दरवाजे लावण्यास अवसरच मिळाला नाही. काही तासांत शहर पडले. त्यानंतर जे झाले ते स्वतः आल्बुकर्कने आपल्या राजास डिसेंबरात पाठविलेल्या पत्रात अभिमानाने नमूद केले आहे. चार दिवस शहरातील मुसलमान रहिवाशांची कत्तल चालली आणि सुमारे ६००० माणसे मारली गेली, असा त्याचाच हिशेब आहे. हिंदू ब्राह्मण व शेतकरी यांना अभय देण्यात आले. म्हणून त्या दिवशी आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांना हायसे वाटले असेल, तर ते अस्वाभाविक नव्हते. जुना धनी जाचक होता, नवा धनी कर कमी करू म्हणत होता. आणि शहराच्या दारापर्यंत त्याला वाट दाखविणारा मनुष्य आपल्यातीलच होता. इतिहास वाचताना हा भाग गाळून पुढे जाण्याचा मोह होतो. पण शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग पाहून जो निश्चिंत बसतो, त्याला ती आग आपल्या ओसरीवर केव्हा येईल हे कळत नाही. हा बोध १५१० इतका स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या वर्षाने दिला असेल असे वाटत नाही.

ती आग यावयास फार काळ लागला नाही. प्रारंभी पोर्तुगीजांनी ग्रामसंस्थांच्या जुन्या रूढींना हात लावला नाही. इतकेच नव्हे, १५२६ मध्ये गावकरीचे कायदे लिहून काढून त्यांना मान्यता दिली. पण १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवालये पाडण्यात आली. १५४३ मध्ये साष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांकडे आले, आणि पुढील पंचवीस वर्षांत तेथेही तोच क्रम चालला. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय स्थापन झाले; ते मध्यंतरीचा थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालू होते. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराचे लिंग नदीपलीकडे नार्वे येथे नेण्यात आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. कुशस्थळीचा मठही उद्ध्वस्त झाला आणि त्या परंपरेच्या स्वामींना देशांतर करावे लागले. रात्रीच्या अंधारात, नावेत देव घेऊन नदी ओलांडणाऱ्या त्या कुटुंबांच्या कथा आपल्यापैकी कित्येकांच्या घरी आजीच्या तोंडून आजवर ऐकू येतात.

येथे इतिहासाचा एक विलक्षण विरोधाभास ध्यानी घ्यावा. या देवतांनी जेथे आश्रय घेतला तो अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका, त्या वेळी आदिलशाहीच्या अमलात होता. ज्या आदिलशाहीच्या पराभवाने १५१० साली आपल्यातील काही जण सुखावले, तिच्याच मुलखात अर्धशतकानंतर आपले देव सुरक्षित राहिले! काळ कोणाचे ऋण कोणाकडून फेडून घेईल, हे सांगता येत नाही.

विजेत्यांनी आपल्या विजयाची स्मृती फार काळजीपूर्वक जपली. ज्या वेशीतून आल्बुकर्क शहरात शिरला, त्या जागी संत कातारीनाचे प्रार्थनामंदिर उभारण्यात आले. १५५० साली जॉर्ज काब्राल या गव्हर्नराने त्याची पुनर्रचना करून तेथे शिलालेख बसविला. याच ठिकाणच्या दरवाजातून कातारीनाच्या दिवशी शहर घेतले, अशा आशयाचा तो लेख आहे. १५६२ मध्ये बांधावयास घेतलेले से काथेद्राल हे भव्य चर्चही याच संताला वाहिलेले आहे. पोर्तुगीज अमलातील गोव्याच्या राजचिन्हावरही कातारीनाचे चक्र कोरलेले असे. या चक्राची कथा चिंतनीय आहे. ख्रिस्ती परंपरेप्रमाणे कातारीना ही अलेक्झांड्रिया नगरीची विदुषी. तिने वादात पन्नास पंडितांना निरुत्तर केले, आणि म्हणून संतापलेल्या सम्राटाने तिला अणकुचीदार चक्रावर घालण्याची शिक्षा फर्माविली. म्हणजे ते चक्र सत्तेने श्रद्धावंताचा केलेल्या छळाचे चिन्ह होय. धर्मासाठी छळ सोसणाऱ्या विदुषीचे चिन्ह मिरविणाऱ्या राज्यात पुढे धर्मासाठीच इतरांचा छळ व्हावा, याहून मोठी विसंगती ती कोणती? दोष त्या संताचा नव्हे, आणि तिला आजही भक्तिभावाने नमन करणाऱ्या आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचाही नव्हे. श्रद्धेचे चिन्ह जेव्हा विजयाची मुद्रा होते, तेव्हा ते आपला मूळ अर्थ गमावून बसते, इतकेच यातून घ्यावयाचे आहे. हा बोध आपल्यालाही लागू आहे.

आता दुसरा २५ नोव्हेंबर. मधल्या काळात मराठ्यांचे स्वराज्य उदयास आले होते. शिवाजी महाराजांनी १६६८ च्या नोव्हेंबरात नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार आरंभिला. तेथील शिलालेख आजही वाचता येतो. १६७५ मध्ये त्यांनी फोंड्याचा किल्ला जिंकला, आणि अंत्रुजातील देवस्थाने स्वराज्याच्या छत्राखाली आली. १६८० नंतर संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत पोर्तुगीजांशी वितुष्ट वाढत गेले. कारवारच्या किनाऱ्यासमोरील अंजदीव बेटावर किल्ला बांधण्याचा महाराजांचा विचार होता. तो ओळखून पोर्तुगीजांनी १६८२ मध्ये ते बेट स्वतःच व्यापले. औरंगजेब दक्षिणेत उतरला होता आणि त्याच्या फौजेस लागणारी रसद पोर्तुगीज आपल्या हद्दीतून जाऊ देत होते. या कारणांनी १६८३ मध्ये उघड युद्ध जुंपले आणि मराठ्यांनी चौलला वेढा घातला.

त्याला शह देण्यासाठी फ्रांसिस्को द ताव्होरा, आल्व्होरचा काउंट, या व्हाइसरॉयने नोव्हेंबरच्या आरंभी फोंड्याच्या किल्ल्यास वेढा दिला. किल्ल्यावर वृद्ध येसाजी कंक आणि त्यांचा पुत्र कृष्णाजी होते. तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडारे पडली, तरी किल्ला हटला नाही. अशात स्वतः संभाजी महाराज फौजेसह येऊन पोहोचले, आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून, पावसापाण्यातून पिछाडी सावरीत राजधानीकडे परतावे लागले. फोंड्याचा हा बचाव म्हणजे केवळ एका किल्ल्याचा बचाव नव्हता. मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा अशी जी देवस्थाने अंत्रुजात येऊन विसावली होती, त्यांच्या आणि तटाच्या पलीकडील तोफांच्या मध्ये तेव्हा तेवढा एकच किल्ला उभा होता. हे ध्यानी घेतले म्हणजे येसाजींच्या त्या झुंजीचे मोल आपल्या दृष्टीने शतगुणित होते.

यानंतर महाराजांनी युद्ध शत्रूच्या घरात नेले. राजधानीच्या ईशान्येस, खाडीच्या पाण्याने वेढलेले जुवे नावाचे बेट आहे; पोर्तुगीज त्याला सांत इश्तेव्हांव म्हणत. त्याच्या टेकडीवर एक लहान किल्ला होता. २४ नोव्हेंबरच्या रात्री, ओहोटीची वेळ साधून, मराठ्यांची एक छोटी तुकडी पाण्यातून बेटावर उतरली आणि किल्ला तिने काबीज केला. ही वार्ता पसरताच राजधानीत धोक्याच्या घंटा वाजू लागल्या. कातारीनाचा दिवस उजाडत होता. ज्या दिवशी मिरवणुकीच्या घंटा वाजावयाच्या, त्या दिवशी घबराटीच्या घंटा वाजल्या.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी व्हाइसरॉय स्वतः काही शेकडा सैनिक घेऊन बेटावर उतरला. टेकडी चढून जाताच वरून मराठ्यांच्या घोडदळाचा असा जोराचा लोंढा आला की पोर्तुगीज रांगा मोडल्या आणि जो तो पाण्याकडे धावू लागला. पण पाणी आता सकाळचे राहिले नव्हते. भरती चढत होती. कित्येक सैनिक चिखलात रुतले, कित्येक बुडाले. व्हाइसरॉयच्या हाताला गोळी लागली. तो कसाबसा प्राण वाचवून पार झाला. मराठी परंपरेत अशीही आठवण आहे की, पाठलागाच्या आवेशात खुद्द संभाजी महाराजांनी घोडा खाडीत घातला, आणि भरतीच्या ओढीत सापडलेल्या महाराजांना खंडो बल्लाळ चिटणीस यांनी वाचविले. ज्या खाडीने त्या दिवशी पराभूताला गिळले, तीच जेत्यालाही गिळण्यास सिद्ध होती. गोमंतकातील पाणी कोणाचेच अंकित नसते, हे मे-ऑगस्ट १५१० मध्ये आल्बुकर्कने अनुभविले होते, १६८३ मध्ये दोन्ही पक्षांनी अनुभविले.

राजधानीतील भयाची कल्पना पुढील प्रसंगावरून येईल. व्हाइसरॉय बॉम जेझुसच्या चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी त्याने उघडविली आणि आपला अधिकारदंड संताच्या पायापाशी ठेवून, आता या राज्याचे रक्षण तूच कर, अशी प्रार्थना केली. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा प्रवासी त्या वेळी गोव्यात होता आणि पोर्तुगीजांचा वकील म्हणून संभाजी महाराजांकडे गेला होता; त्याने या धामधुमीचे वर्णन लिहून ठेवले आहे. आणि पोर्तुगीज दप्तरांतील कागद वर्षानुवर्षे चाळून या युद्धाचा साधार वृत्तांत मराठी वाचकांपुढे ठेवण्याचे श्रेय डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) या गोमंतकीय संशोधकाचे आहे. परक्यांच्या भाषेतील कागदांतून आपला इतिहास सोडवून आणणे हीही एक प्रकारची मुक्तीच होय.

मराठ्यांनी जुव्याचे बेट लवकरच सोडले. डिसेंबरात त्यांच्या फौजा साष्टी आणि बारदेशात शिरल्या. राजधानी पडते की काय, असा प्रसंग होता. इतक्यात औरंगजेबाचा पुत्र शहाआलम मोठ्या सैन्यानिशी घाट उतरत असल्याची बातमी आली, आणि महाराजांना मोहीम आवरती घ्यावी लागली. शहर वाचले, पण त्याचा आत्मविश्वास पुन्हा आला नाही. हे स्थळ आता सुरक्षित नाही असे ठरवून व्हाइसरॉयने राजधानी मुरगावास हलविण्याचा उद्योग आरंभिला. तो तडीस गेला नाही, तरी रोगराईने पोखरलेले आणि ओस पडत चाललेले ते वैभवशाली शहर उत्तरोत्तर निस्तेजच होत गेले. अखेर १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा मान मिळाला.

या विजयाचे वर्णन करताना सत्याला धरून आणखी एक वाक्य लिहिले पाहिजे. जुव्यातील त्या रात्रीची आणि साष्टी-बारदेशातील त्या महिन्याची झळ केवळ पोर्तुगीज शिपायांना लागली नाही. तेथील सामान्य रहिवाशांची घरेही लुटली गेली, आणि ते रहिवासी रक्ताने आपलेच भाऊबंद होते. धर्मांतराने त्यांची नावे बदलली होती, पण गाव, भाषा आणि ग्रामदैवताची आठवण बदललेली नव्हती. १५१० च्या कत्तलीबद्दल आपण हळहळतो, तर १६८३ च्या या दुःखाबद्दलही हळहळण्याइतके आपले मन मोठे असले पाहिजे. तसे नसेल तर आपण इतिहास वाचीत नाही, केवळ आपल्या बाजूचा निकाल वाचीत असतो.

यानंतरचे दोन-तीन टप्पे थोडक्यात सांगतो. १७६३ मध्ये फोंडा महाल पोर्तुगीजांकडे कायमचा गेला. परंतु तोपर्यंत त्यांच्या धोरणाची धार बोथट झाली होती, आणि नव्या मुलखातील देवस्थानांस त्यांनी हात लावला नाही. दोनशे वर्षे तग धरून राहिलेल्या स्थळांना काळच साह्य झाला.

१९१० साली गोव्याच्या विजयास चारशे वर्षे पूर्ण झाली. पण त्याच वर्षी ५ ऑक्टोबरास पोर्तुगालमध्ये राजसत्ता उलथून प्रजासत्ताकाची स्थापना झाली होती, आणि चारशेवा २५ नोव्हेंबर उगवला तो त्या प्रजासत्ताकाच्या बावन्नाव्या दिवशी! ज्या राजाच्या नावाने शहर जिंकले गेले, त्याच्या सिंहासनाचाच मागमूस उरला नव्हता. प्रजासत्ताकाने राज्य आणि चर्च यांची फारकत केली, आणि गोव्यातील हिंदूंना नागरिक म्हणून समान हक्क मिळाले. पुढील दोन दशकांत हिंदू समाजात शाळा, ग्रंथालये, वृत्तपत्रे यांचा जो बहर आला, त्याचे बीज या पालटात आहे. पणजीची मुष्टिफंड संस्था १९०८ मध्येच निघाली होती; घरोघरच्या मूठभर तांदळावर मराठी शाळा चालविण्याची तिची कल्पना नावातच उतरली आहे. फोंड्यास १९११ मध्ये गोवा विद्याप्रसारक मंडळाची स्थापना झाली. तलवारीने न फुटलेली वाट मूठभर तांदळाने कशी फोडली, हे पाहावयाचे असेल तर हा कालखंड अभ्यासावा.

पण पोर्तुगालमधील ती पहाट टिकली नाही. १९२६ नंतर तेथे हुकूमशाही आली आणि गोमंतकावर पुन्हा झाकोळ आला. या काळात स्वातंत्र्याचा ध्वज उचलणारांत त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा (१८९१–१९५८) यांच्यासारखे ख्रिस्ती गोमंतकीय अग्रभागी होते, हे विसरून चालणार नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात अंजदीव बेटावरून भारतीय जहाजावर आणि कोळ्यांवर गोळीबार झाला. तेच अंजदीव, ज्यावरून १६८२ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात ठिणगी पडली होती! डिसेंबरच्या १८ तारखेस भारतीय सैन्य गोव्यात शिरले, आणि १९ तारखेस पोर्तुगीज सत्ता संपली. अंजदीव घेताना भारतीय नौदलाचे सात जवान धारातीर्थी पडले. १५१० मधील कातारीनाच्या दिवसापासून मोजले तर ४५१ वर्षे लोटली होती. २०१० मध्ये पाचशेवे वर्ष आले, तेव्हा गोव्यास भेट देण्यास आलेल्या 'साग्रेस' या पोर्तुगीज नौदलाच्या शिडाच्या जहाजास स्वातंत्र्यसैनिकांनी विरोध दर्शविला. त्या वृद्धांच्या मनातील जखम ओली आहे, याचाच तो पुरावा होता.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येऊ. या दिवसाचे आपण काय करावे? तो शोकदिन मानावा की विजयदिन? माझ्या अल्पमतीस असे वाटते की तो दोहोंपैकी काहीच मानू नये. १५१० चा विजय संपला, १६८३ चा विजयही संपला. शहर जिंकणारे गेले, त्याला वेढणारे गेले, आणि ते शहरही गेले. जुन्या गोव्यात आज चर्चच्या प्रांगणात शांतता नांदते. जे टिकले ते निराळेच आहे. नावेतून नेलेल्या मूर्तीपुढील नंदादीप टिकला. परागंदा झालेल्या स्वामींची गुरुपरंपरा टिकली. धर्म बदललेल्या घरांतही गावकरीचे नाते टिकले, आणि आजही कवळ्याच्या व म्हार्दोळच्या देवळांशी कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा मनोमन ऋणानुबंध आहे. सत्तेच्या बळावर उभारलेले एवढे मोठे नगर दीडशे-दोनशे वर्षांत ओसरले. आणि श्रद्धेच्या बळावर, परक्याच्या मुलखात, मातीच्या भिंतींत ठेवलेले देव पाचव्या शतकात पदार्पण करते झाले.

म्हणून मी त्या मुलाला आता सांगेन, "बाळ, संकल्पात नदीचे नाव येते ना? ते उच्चारताना क्षणभर थांब. या नदीतून एका वर्षी उपाशी शत्रू पावसाळाभर अडकून पडला होता. हिच्या पाण्यावरून तुझ्या पूर्वजांनी देव पार नेले. हिच्याच खाडीत एका सकाळी दोन्ही बाजूंची माणसे बुडाली. एवढे आठव, आणि मग पुढचा शब्द उच्चार. कोणाविषयी द्वेष न धरता जे घडले ते जसेच्या तसे आठवणे, हाच त्या दिवसाचा उच्चार होय." मठाच्या या मंगल वर्षी, ज्या अनाम कुटुंबांनी आपले सर्वस्व मागे टाकून केवळ देव आणि गुरू बरोबर नेले, त्यांच्या चरणी हा अल्पसा लेख अर्पण करून लेखणी थांबवितो.